कालाबारचे विषबीज आणि काचबिंदूवरील औषधी थेंब : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

काचबिंदूवरील थेंबांचा इतिहास सामान्यतः युरोपीय प्रयोगशाळांपासून सांगितला जातो. वस्तुतः त्याचा उगम आजच्या नायजेरियातील कालाबार येथील एफिक लोकांच्या न्यायपद्धतीत आहे. जादूटोण्याचा आरोप असलेल्या व्यक्तीस एका वेलीच्या विषारी बिया पाण्यातून पाजल्या जात. उलटी होऊन वाचला तो निर्दोष, मेला तो दोषी! विषाच्या सामर्थ्याचे हे ज्ञान एफिकांचे होते. ग्रंथांतून मात्र त्यांचा उल्लेख केवळ एक विलक्षण प्रथा म्हणून येतो.

एडिंबरोच्या रॉबर्ट ख्रिस्टिसनने 1855 मध्ये हे बी स्वतः खाऊन पाहिले आणि प्रकृती ढासळताच दाढीचे पाणी पिऊन उलटी केली. त्याचा शिष्य टॉमस फ्रेझर याने 1862 च्या प्रबंधात या बियांमुळे बाहुली आकुंचन पावते असे नोंदविले. पुढच्याच वर्षी आर्गिल रॉबर्टसनने हा अर्क स्वतःच्या डोळ्यात घालून तो परिणाम पडताळला.

त्याकाळी काचबिंदूवर ग्राफेने 1857 मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया हाच प्रमुख उपाय होता. 1876 मध्ये स्ट्रासबुर्गच्या लुडविग लाकरने याच बियांतील फायसोस्टिग्मिनचा वापर नेत्रदाब उतरविण्यासाठी सुचविला. तो स्वतः काचबिंदूचा रुग्ण होता, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. लवकरच ब्राझीलमधील जाबोरांडीच्या पानांतून मिळालेले पायलोकार्पिनही वापरात आले. डोळ्यातील द्रवाचा निचरा सुधारून ते दाब कमी करते.

तथापि गेलेली दृष्टी थेंबांनी परत येत नाही. रुग्णास लाभ जाणवत नाही. जाणवतो तो त्रास. पायलोकार्पिन दिवसातून चार वेळा घालावे लागे, भुवई दुखे, अंधुक दिसे. नव्या औषधांचे मोल म्हणूनच दाबाच्या आकड्यांइतकेच रुग्णाच्या दिनक्रमावरही ठरले. अमेरिकेत 1978 मध्ये मान्यता मिळालेले टिमोलॉल द्रवनिर्मितीच घटविते. दिवसातून एक-दोन थेंब पुरतात, पण दमेकऱ्यांना ते धोक्याचे.

प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये दाहकारक मानली जात. अल्प मात्रेत ती दाब उतरवितात, असे लास्लो बिटो व सहकाऱ्यांनी 1977 मध्ये सशांवरील प्रयोगांत दाखविले. या दिशेने सिद्ध झालेल्या लॅटॅनोप्रोस्टला अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली. त्याचा एकच थेंब, बहुधा रात्री, पुरतो. काहींच्या बुबुळाचा रंग मात्र कायमचा गडद होतो.