फ्लूची लस दरवर्षी का घ्यायची? मानमोडीपासून आजपर्यंतची गोष्ट

एप्रिल-मे महिना आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो एका निवृत्त शिक्षकांनी विचारला. वय ६८, पंधरा वर्षांचा मधुमेह, चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. मी फ्लूच्या लशीचा विषय काढला तसे म्हणाले, "डॉक्टर, मागच्या वर्षी घेतली की! आमच्या लहानपणी देवीची लस टोचली, दंडावर खूण राहिली, विषय संपला. ही दरवर्षी कशाला? आणि घेऊनसुद्धा ऑगस्टमध्ये मला ताप आलाच होता. कंपन्यांचा धंदा आहे झालं."

प्रश्न अगदी रास्त आहे. 'घ्या म्हणजे घ्या' असं उत्तर देऊन मला तो टाळायचा नव्हता. सर चाळीस वर्षं इतिहास शिकवत होते, म्हणून म्हटलं, इतिहासातूनच उत्तर देऊ. त्यांना सांगितलं तेच थोडं सविस्तर इथे लिहितो आहे.

मानमोडीची साथ

घरातल्या फार जुन्या माणसांच्या तोंडी 'मानमोडी' हा शब्द तुम्ही कदाचित ऐकला असेल. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत हेच नाव पडलं होतं.

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं आणि जहाजांमधून सैनिक परतत होते. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई, त्यातला एक गोदीत पहाऱ्यावर असलेला, तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. हा ताप मलेरियाचा नव्हता. बघता बघता गोदीतले कामगार, कचेऱ्यांमधले कारकून, गिरणी कामगार असे सगळेच अंथरुणाला खिळले. ही पहिली लाट तशी सौम्य होती आणि जुलैत ओसरली. लोकांना वाटलं, सुटलो. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली ती मात्र जीवघेणी होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महाग झालं होतं, माणसं अर्धपोटी होती. रोग आगगाडीत बसून गावोगाव पोहोचला. वेगवेगळ्या अभ्यासकांच्या अंदाजांनुसार भारतात सव्वा कोटी ते पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं गेली. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं साध्या फ्लूतही दगावतात. या साथीत वीस ते चाळीस वयाचे धडधाकट लोकही मोठ्या संख्येने गेले.

तेव्हा लस नव्हती का? होती, आणि अनेक देशांत ती टोचलीही गेली. पण ती चुकीच्या जंतूविरुद्ध होती. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या नामांकित जर्मन शास्त्रज्ञाने फ्लूच्या रुग्णांच्या कफात एक जिवाणू पाहिला आणि हाच फ्लूचं कारण आहे असं जाहीर केलं. जगाने त्यावर विश्वास ठेवला. त्या जिवाणूच्या लशीने फ्लू थांबणं शक्यच नव्हतं. एवढ्या मोठ्या साथीत डॉक्टर शत्रू कोण हे न ओळखताच लढत होते. माझ्या व्यवसायाबद्दल हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ते तसं होतं.

शिंकणारं फेरेट

खरा गुन्हेगार सापडायला १९३३ साल उजाडलं. लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी फ्लूच्या रुग्णाच्या घशातलं पाणी अतिशय बारीक गाळणीतून गाळलं. जिवाणू वर अडकले. खाली आलेलं पाणी त्यांनी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात घातलं. फेरेटला ताप आला, नाक वाहू लागलं. म्हणजे रोगाचं कारण जिवाणूपेक्षा कितीतरी लहान होतं, तो विषाणू होता. पुढे एक आजारी फेरेट तिथल्या एका तरुण संशोधकाच्या तोंडावर शिंकलं, त्याला फ्लू झाला आणि त्याच्या घशात तोच विषाणू मिळाला. नकळत पुरावा पूर्ण झाला.

विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवता येतो हे कळल्यावर लस बनवणं शक्य झालं. १९४३ मध्ये अमेरिकेत थॉमस फ्रान्सिस आणि त्यांचे तरुण सहकारी जोनास साल्क (होय, पुढे पोलिओची लस शोधणारे तेच) यांच्या गटाने सैन्यातल्या प्रशिक्षणार्थींवर ही लस तपासली. लस घेतलेल्यांमध्ये आजाराचं प्रमाण न घेतलेल्यांच्या साधारण एक-तृतीयांश निघालं. १९४५ मध्ये परवानगी मिळाली. प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं.

आणि मग १९४७ साल आलं.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर या एका वर्षात आहे. त्या हिवाळ्यात त्याच संशोधकांनी त्याच पद्धतीने बनवलेली लस टोचली आणि ती सपशेल फसली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या विद्यार्थ्यांमध्ये आजाराचं प्रमाण जवळजवळ सारखंच आलं. लस खराब झाली होती का? नाही. विषाणू बदलला होता.

फ्लूच्या विषाणूच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिनं काट्यांसारखी बाहेर आलेली असतात. एचवन-एनवन, एचथ्री-एनटू या नावांमधले 'एच' आणि 'एन' म्हणजे तीच. आपलं शरीर विषाणूला ओळखतं ते मुख्यतः या काट्यांवरून. हा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना भरपूर चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. त्यामुळे काट्यांचा आकार थोडा थोडा सरकत राहतो. पोलीस ठाण्यात चोराचा फोटो लावलेला आहे, पण चोराने मिशी काढली, टक्कल केलं, चष्मा लावला, तसंच हे. देवीचा विषाणू असं रूप बदलत नव्हता. म्हणून सरांच्या दंडावरची एक खूण इतकी वर्षं पुरली आणि तो रोग पृथ्वीवरून गेलासुद्धा.

१९४७ च्या या धड्यानंतर चोराच्या मागावर कायम राहायचं ठरलं. १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशीच्या प्रयोगशाळांचं जाळं उभं केलं. आपल्या पुण्यातली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या जाळ्यात आहे. रुग्णांच्या नाकातले नमुने तपासून कोणता विषाणू कुठे फिरतोय हे पाहिलं जातं. १९७३ पासून लशीत कोणते विषाणू घ्यायचे याची अधिकृत शिफारस दरवर्षी होते. १९९८ पासून ती वर्षातून दोनदा होते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी.

लस आणि साथ यांची शर्यत माणसाने जवळजवळ जिंकली ती १९५७ मध्ये. अमेरिकन लष्करी संस्थेतले मॉरिस हिलमन यांनी एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात हाँगकाँगमधल्या दवाखान्यांबाहेरच्या रांगांची बातमी वाचली. हे काहीतरी नवं आहे असा त्यांना संशय आला. त्यांनी नमुना मागवला आणि साथ देशात पसरण्याआधी कंपन्यांना कामाला लावलं. एक सूचना मोठी मजेशीर होती. हंगाम संपला की शेतकरी कोंबडे कापून टाकत. कोंबडे कापू नका, असं त्यांना कळवा, असं हिलमननी सांगितलं, कारण लशीसाठी फलित अंडीच लागतात! वर्ष संपेपर्यंत सुमारे ४ कोटी डोस तयार झाले.

लशीवरचा डाग

इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर एक जवान डुकरांमधल्या विषाणूसारख्या फ्लूने मरण पावला. पुन्हा १९१८ होणार, या भीतीने सरकारने साऱ्या देशाला लस टोचायला घेतली. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात चार कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली. साथ आलीच नाही. उलट काही जणांना गियां-बारे सिंड्रोम, म्हणजे हातापायांतली ताकद जाणारा मज्जातंतूंचा आजार झाला. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात गाजलेला 'जीबीएस' तो हाच. (पुण्यातली ती लागण दूषित पाण्याशी निगडित होती, लशीशी नव्हे.) १९७६ मध्ये दर लाख लस घेणाऱ्यांमागे साधारण एक जास्तीचा रुग्ण असं हे प्रमाण होतं, आणि मोहीम थांबवावी लागली.

पुढच्या वर्षांतल्या लशींवर या बाबतीत बारकाईने नजर ठेवली गेली. आज हा धोका सापडलाच तर दहा लाखांमागे एक-दोन इतका सापडतो. प्रत्यक्ष फ्लू झाल्यानंतरही जीबीएस होऊ शकतो. तरी 'लशीने काहीही होत नाही' असं मी पेशंटला सांगत नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण वाटते. मात्र इंजेक्शनच्या लशीतला विषाणू मृत असतो, त्यामुळे लशीने फ्लू होत नाही.

जपानची गोष्ट मला फार विचार करायला लावते. तिथे १९६२ पासून शाळकरी मुलांना ही लस दिली जाई. कारण साधं होतं, शाळेतून फ्लू घरी येतो. १९८७ मध्ये सक्ती उठली आणि १९९४ मध्ये कार्यक्रमच बंद झाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांना दिसलं की मुलांची लस बंद झाल्यावर हिवाळ्यातले म्हाताऱ्या माणसांचे मृत्यू वाढले होते. या आकडेमोडीवर वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण नातवाचा खोकला आजोबांना महागात पडतो हे मी माझ्या दवाखान्यातही पाहतो.

पुणे, २००९

ऑगस्ट २००९ पुणेकर विसरणार नाहीत. ३ ऑगस्टला चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. भारतातला हा पहिला मृत्यू होता. शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा, मास्कचा तुटवडा. भारतीय बनावटीची लस २०१० मध्ये आली, तोवर भीती ओसरली होती, आणि भीती ओसरली की आपण लस घेत नाही. विषाणू मात्र कुठेही गेला नव्हता. २०१५ मध्ये देशात सुमारे ४२ हजार ६०० रुग्ण आणि जवळजवळ ३ हजार मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने गरोदर महिला आणि मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांना सरकारी दवाखान्यांत ही लस मोफत द्यायला सुरुवात केली.

मग सरांनी काय करायचं?

त्यांच्या ऑगस्टमधल्या तापाचं उत्तर दोन भागांत आहे. एक तर प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. पावसाळ्यात डेंग्यूपासून साध्या सर्दीपर्यंत बरंच काही फिरत असतं. दुसरं, लस शंभर टक्के नसते. विषाणू आणि लस जुळली तर ती फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. जुळली नाही तर कमी. अमेरिकेत २०१४-१५ च्या हंगामात हा आकडा जेमतेम १९ टक्के होता. शिवाय संरक्षण काही महिन्यांत ओसरतं. मागच्या मे महिन्यातली लस या पावसाळ्यात फारशी उपयोगाची नाही, विषाणू तोच राहिला तरीही.

एवढी अर्धवट लस घ्यायची कशाला? पंचवीस वर्षांच्या निरोगी मुलाने हा प्रश्न विचारला तर मी म्हणतो, घेतलीस तर चांगलं, नाही घेतलीस तर मी भांडणार नाही. सरांशी मात्र मी भांडतो. कॅनडातल्या एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीपेक्षा सहापट आढळलं. ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे त्यांच्यासाठी फ्लू म्हणजे नुसता ताप नाही. पासष्टीच्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुलं (सहा महिन्यांनंतर) आणि अशांची देखभाल करणारे, या सगळ्यांना मी ही लस घ्यायला सांगतो. आधी कधी लशीची तीव्र ॲलर्जी आली असेल किंवा जीबीएस झाला असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. अंगात ताप असेल तर तो उतरू द्या.

वेळही महत्त्वाची. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, आणि लशीला काम सुरू करायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे. घेताना त्या वर्षीचीच लस आहे ना, हे खोक्यावर पाहून घ्या. आता बहुतेक ठिकाणी चारऐवजी तीन विषाणूंची लस दिसेल. ती कमी दर्जाची नाही. चौथा, बी-यामागाता, मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, म्हणून वगळला आहे.

सर ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे १९४७ चा पेपर तुम्ही दरवर्षी नव्याने काढता." मी हसलो. त्यांनी बाही वर केली. निघताना दारातून वळून विचारलं, "हिला दमा आहे. उद्या सकाळी घेऊन येऊ का?"