लिस्बनचा हुकूम, गोव्याचे उत्तर

पणजीच्या पुराभिलेखागारात जाडजूड बाडांची एक मोठी मालिका जपून ठेवलेली आहे. पोर्तुगालचा राजा आणि त्याचा गोव्यातला विजरई यांच्यात शतकानुशतके चाललेला पत्रव्यवहार तिच्यात आहे. या बाडांना ‘मोसमांची पुस्तके’ म्हणतात, कारण पत्रांची ये-जा वाऱ्यावर अवलंबून होती. मार्च-एप्रिलात लिस्बनहून सुटलेली जहाजे सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडवीच्या मुखाशी येत आणि परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत निघत. जानेवारीत गोव्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात, म्हणजे वीसेक महिन्यांनी हाती पडे. या दिरंगाईने फिरंगी सत्ता पोखरली, असे सर्रास सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. पत्र उशिरा पोहोचणार, एखादे बुडणार आणि वाचणारा लिहिणाऱ्याशी सहमत नसणार, हे लिस्बनने पहिल्यापासून गृहीत धरले होते. म्हणूनच राजाचे पत्र गोव्यात पोहोचले की हुकमाची अंमलबजावणी सुरू होण्याआधी त्या हुकमावरचा वाद सुरू होई, आणि तो वाद कागदाच्याच नियमांनी लढला जाई.

गृहीत धरले होते याचा पुरावा खुद्द पत्रांच्या रचनेत आहे. एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांतून रवाना होत. त्याहून बोलका पुरावा म्हणजे वारसाची मोहोरबंद पत्रे. अधिकारी पदावर असताना वारला तर त्याच्या जागी कोण, हे राजा आधीच लिहून पाठवी आणि मृत्यूनंतरच लिफाफा फुटे. 1524 च्या डिसेंबरात वास्को द गामा कोचीनला वारला तेव्हा असेच पत्र उघडून एन्रिक द मेनेझिसचे नाव वाचले गेले. दोनच वर्षांत तोही गेला. या वेळी पत्रात निघालेला पेरो मास्कारेन्यस दूर मलाक्क्यात होता, म्हणून पुढचे पत्र फोडून लोपो वाझ द सांपायोच्या हाती तात्पुरता कारभार दिला गेला. मास्कारेन्यस परतला तेव्हा सांपायोने त्यालाच कैद केले. दोघांच्याही हातात राजाचाच कागद होता.

पण माझे म्हणणे सर्वांत स्पष्ट दिसते ते मुंबईच्या प्रकरणात. 1661 च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला द्यायचे ठरले. 1662 च्या सप्टेंबरात मार्लबरोचा अर्ल आरमार घेऊन आला आणि त्याच आरमारातून नवा विजरई आंतोनियो दे मेलो ए कास्त्रो आला. तो राजाचा हुकूम मानत नाही असे कधीच म्हणाला नाही. त्याने इंग्रजांचे कागद तपासायला घेतले. बेट ताब्यात घ्यायचा अधिकार असलेला सर अब्राहम शिपमन आधी पोहोचलाच नव्हता. तो आला तेव्हा त्याची अधिकारपत्रे ठरल्या नमुन्याची नाहीत, अशी हरकत निघाली. शिपमन आणि त्याचे सुमारे चारशे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले. तिथल्या रोगराईने त्यांतले बहुतेक मेले आणि 1664 च्या एप्रिलात शिपमनही मेला. लंडनहून सुधारलेले कागद आले तेही त्याच्याच नावाचे. मेलेल्या माणसाला बेट कसे द्यायचे, हा प्रश्न मग गोव्याच्या उच्च न्यायालयापुढे गेला. शिपमनने मृत्युपत्राने हम्फ्री कुकला आपल्या जागी नेमले होते, ते ग्राह्य धरले गेले. अखेर 18 फेब्रुवारी 1665 रोजी कुकच्या हातात मुंबईची माती आणि दगड ठेवून ताबा दिला गेला. अडीच वर्षे गेली त्यांत समुद्राच्या अंतराइतकाच वाटा कागदातल्या त्रुटींचा होता, आणि त्या त्रुटींची किंमत अंजदीवच्या शिपायांनी दिली, हे विसरता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की हा निव्वळ हटवाद होता आणि शेवटी हुकूम पाळावा लागलाच ना? पाळावा लागला, पण कोणत्या रूपात ते पाहायला हवे. ताब्याआधी कुककडून कलमे लिहून घेतली गेली आणि त्यांत इंग्रजांचा हक्क जमेल तितका आवळला होता. पोर्तुगीज हद्दीतून पळून येणाऱ्या कुणबी-भंडाऱ्यांना मुंबईत थारा देऊ नये, असेही एक कलम होते. ज्यांच्या घामावर बेटाचे उत्पन्न उभे होते, त्यांचा उल्लेख एवढ्यापुरताच यावा, ही या साऱ्या पत्रव्यवहाराची सर्वांत कठोर बाजू आहे. लंडनला ही कलमे कळली तेव्हा राजाने ती नाकारली. म्हणजे इंग्रजांचा अधिकारीही दूर बसून स्वतःच्या बुद्धीने सही करून मोकळा झाला होता आणि त्याचा मालक मागाहून हात झटकत होता. हा केवळ पोर्तुगीजांचा ढिसाळपणा नव्हता, हे यावरून ठरते.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. निर्णय गोव्यातच होत होते, तर दर मोसमाला इतकी लांबलचक पत्रे लिहायची कशाला? 1683 मध्ये संभाजी महाराजांची फौज गोव्याच्या दाराशी आली तेव्हा लिस्बनला विचारायला सवडच नव्हती. विजरईने तिथल्या राज्यमंडळाच्या सल्ल्याने चालायचे होते. त्या मंडळाची इतिवृत्ते पांडुरंग पिसुर्लेकरांनी छापून काढली, म्हणून आज ती चर्चा आपल्याला वाचता येते. मुदत संपल्यावर अधिकाऱ्याच्या कारभाराची चौकशी होई, याचे भान ठेवून पत्रे लिहिली जात. पुढे काय करू हे विचारण्याइतकीच, आपण काय केले आणि का केले याची नोंद करण्याची गरज त्यांमागे होती. कास्त्रोनेही जानेवारी 1665 मध्ये राजाला कळवले की इंग्रज मुंबईत बसले की पोर्तुगालचा हिंदुस्थान गेला असे समजावे. राजाच्या हाती ते पत्र पडेपर्यंत मुंबईवर इंग्रजांचा अंमल सुरू होऊन महिने उलटलेले असणार, हे लिहिणाऱ्याला पुरते ठाऊक होते. तरीही त्याने ते सविस्तर लिहिले आणि निघणाऱ्या जहाजावर चढवले, कारण उद्या विचारणा झाली तर आपण आधीच बजावले होते, हे दाखवायला त्याच्यापाशी तोच कागद असणार होता.