भिंतीवरची गाय आणि गोठ्यातली गाय

वर गोमातेचे रंगीत चित्र, मध्यभागी पेढीचे नाव आणि खाली तारखांचा गठ्ठा अशा थाटाचे कॅलेंडर आपल्याकडे इतके परिचित झाले आहे की, त्याच्यामागे भूतदयेचा एक दीर्घ आणि काहीसा गुंतागुंतीचा इतिहास आहे, याचे सहसा स्मरण राहत नाही.

त्या भूतदयेला मुंबईत संस्थेचे रूप आले ते कुत्र्यांच्या निमित्ताने. 1832 साली सरकारी हुकमाने मोकाट कुत्र्यांची कत्तल सुरू होताच पारशी मंडळी खवळली, दंगा झाला, दुकाने बंद पडली. आणि दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, मोतीचंद अमीचंद व जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने पांजरपोळ ही संस्था उभी राहिली. तिच्या खर्चाची तजवीज व्यापारी शिरस्त्यानेच झाली: महाजनांनी आपल्याच मालावर लागा, म्हणजे एक छोटा कर, बसवून घेतला, आणि त्या रकमेतून लंगड्या, आंधळ्या व भाकड जनावरांची वैरण चालू लागली. हे दान वहीखात्यात नोंदलेले होते. त्याला चित्राची गरज भासली नाही.

चित्र आले ते शतकाच्या उत्तरार्धात, गोरक्षणाच्या चळवळीबरोबर. वायव्य प्रांतातील गोरक्षिणी सभा घरोघरच्या स्वयंपाकातून चिमूटभर धान्य मागत, आणि अंगोपांगी देवता रेखाटलेल्या गायीचे चित्र समोर मांडून वक्ते भाषणे करीत. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत काढलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या छापखान्यानेही ‘चौऱ्याऐंशी देवतांची गाय’ छापली. प्रत्येक रंगाला निराळी शिळा, आणि रेषा रेसभर न हलता एकावर एक ठसा, अशा चिकाटीच्या कामातून ती गाय स्वस्तात घरोघर पोचली. या चित्राच्या काही आवृत्त्यांत निरनिराळ्या धर्मांचे लोक तिचे दूध घेताना दिसतात. परंतु समोरून तलवार उपसून धावणारी पशुमुखी आकृतीही तेथेच आहे, आणि ती कोणाची, या प्रश्नावरून सरकारदरबारी अहवाल लिहिले गेले. गोरक्षणावरून पेटलेल्या 1893 च्या दंग्यांनंतर असे चित्र केवळ भक्तीचे राहिले नाही, हे उघड आहे.

पुढे पेढ्यांनी त्याच परंपरेतली चित्रे कॅलेंडरांवर घेतली, त्यांतील त्वेष गळाला आणि वात्सल्य उरले. वर्ष सरल्यावर तारखा फाडून चित्र चौकटीत बसविण्याची आणि वसुबारसेला त्यालाच हळदकुंकू वाहण्याची वहिवाट अनेक घरांत पडली. आज गोशाळाही देणगीदारांना अशी कॅलेंडरे पाठवितात, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र दात्याने चित्राला हात जोडण्याबरोबर वैरणीचा हिशेबही मागावा. लागा बसविणाऱ्या त्या जुन्या महाजनांची भूतदया चित्रापेक्षा हिशेबावरच अधिक उभी होती.