पूर्वपक्ष आणि निगमन : सोपाऱ्याच्या शोधावरून संशोधन-लेखनाचा विचार

इतिहाससंशोधनपर निबंधाचीं दोन अंगें बहुधा उपेक्षित राहतात. विषयावर पूर्वीं कोणी काय लिहिलें याचा परामर्श हें एक, व अखेरचा निष्कर्ष हें दुसरें. मधला भाग, म्हणजे अस्सल कागदाचें वाचन व त्यावरील टीपा, आपले लेखक परिश्रमानें सिद्ध करितात. परंतु परामर्श म्हणजे ग्रंथनामांची जंत्री आणि निष्कर्ष म्हणजे आरंभींच्या विधानाची पुनरुक्ति, असा प्रघात पडूं पाहत आहे. आमच्या शास्त्रकारांनीं या दोन्ही अंगांची व्यवस्था पूर्वींच लावून ठेविली आहे. ती वसई तालुक्यांतील सोपाऱ्याच्या संशोधनास लावून पाहावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मीमांसकांच्या अधिकरणांत विषयानंतर संशय व संशयानंतर पूर्वपक्ष येतो, सिद्धान्त त्यापुढें. हा क्रम अर्थपूर्ण आहे. संशय आधीं नेमका मांडला, म्हणजे पूर्वसूरींपैकीं कोणाचें मत घ्यावयाचें व कोणाचें सोडावयाचें हें आपोआप ठरतें. नैयायिकांच्या पांच अवयवांत प्रतिज्ञा पहिली व निगमन शेवटचें. दोहोंचे शब्द जवळजवळ तेच असतात. पण प्रतिज्ञेंत जें साध्य असतें तें निगमनांत सिद्ध होऊन आलेलें असतें, आणि हेतूच्या शक्तीपलीकडे निगमनास जातां येत नाहीं. धुरावरून पर्वतावर अग्नि आहे एवढें सिद्ध होतें. तो कोणीं पेटविला हें सिद्ध होत नाहीं.

आतां सोपाऱ्याकडे वळूं. संशय असा कीं, परशुरामाच्या संबंधानें महाभारतांत आलेलें शूर्पारक तें हेंच काय? केवळ नामसादृश्य हा दुर्बळ हेतु होय. पूर्वींचे उल्लेख पुष्कळ आहेत, पण सर्वांचें बळ सारखें नाहीं. महाभारतांतील उल्लेखावरून शूर्पारक अपरान्तांत, समुद्राजवळ, होतें एवढेंच निघतें. बौद्ध वाङ्मयांतील पूर्णाच्या कथेवरून तें व्यापाराचें ठिकाण होतें हें कळतें. नेमकें स्थान कळत नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत मात्र भडोचच्या दक्षिणेकडील बंदरें ओळीनें सांगतांना ‘सौप्पारा’ हें कल्याणच्या अगोदर येतें. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताच्या लेखांत ‘शोर्पारग’ हें नांव भरुकच्छ, दशपुर व गोवर्धन यांच्या पंक्तीस आहे, आणि कार्ल्याच्या स्तंभावर सोपाऱ्याच्या दात्याचा लेख आहे. म्हणजे पहिल्या दोहोंनीं प्रसिद्धि, तिसऱ्यानें स्थान व शेवटच्या दोहोंनीं समकालीन अस्तित्व सिद्ध होतें. असा बळाबळविचार केला तरच त्यास परामर्श म्हणावें. एरवीं ती यादी.

निगमनाची परीक्षा पुढें झाली. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांस सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. विहारयात्रा सोडून राजानें धर्मयात्रा आरंभिल्या, हा त्या शासनाचा विषय. या एका तुकड्यावरून इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत हें स्थळ अशोकाच्या आज्ञेखालीं होतें, हें निगमन निःशंक निघतें. आठवें शासन अन्यत्र चौदा शासनांच्या मालेंत आढळतें. म्हणून तशी माला येथेंही असावी, हें अनुमान संभाव्य, पण सिद्ध नव्हे. पुढें ७४ वर्षांनीं, १९५६ सालीं, याच तालुक्यांतील भुईगांव येथें नवव्या शासनाचा तुकडा सांपडला आणि त्या अनुमानास दुसरा आधार मिळाला. संपूर्ण माला अद्याप हातीं लागलेली नाहीं. तेव्हां ‘असावी’ हें क्रियापद आजही सोडतां येत नाहीं.

याच्या उलट उदाहरण तेथील स्तूपाचें. गांवकऱ्यांच्या तोंडीं ती टेकडी बुरूड राजाचा कोट होती. १८८२ च्या एप्रिलांत भगवानलाल यांनीं ती उकरली, तों आंत पाषाणाची मंजूषा, तींत एकींत एक बसविलेले धातुकरंडक, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धांच्या आठ मूर्ति व गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी याचें रुप्याचें नाणें निघालें. नाण्यावरून तो निक्षेप यज्ञश्रीच्या पूर्वींचा नाहीं इतकें ठरतें. तो त्याच राजाच्या काळचा असें म्हणणें ही एक पायरी पुढची. आणि मंजूषेंतील सर्व वस्तु एकाच काळच्या असें म्हणणें ही त्याहून पुढची. पुढील अभ्यासकांनीं शैलीवरून त्या मूर्ति आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या मानल्या आहेत. तें मत ग्राह्य धरल्यास ती मंजूषा मागाहून पुन्हा उघडली गेली, असें मानणें प्राप्त होतें. नाणें खोटें ठरलें नाहीं. नाण्याच्या शक्तीबाहेरचें निगमन तेवढें ढळलें. अशोकाचा लेख त्याच गांवीं मिळाला म्हणून स्तूपही अशोकाचाच, असें लिहिणाऱ्यानें तर दोन निरनिराळे हेतु एका दाव्यास बांधले असें म्हणावें लागेल.

हा विचार केवळ लेखनशैलीचा नव्हे. निबंधाचा मधला भाग थोडे वाचतात. निष्कर्ष मात्र शाळेच्या पुस्तकांत व स्थळमाहात्म्यांत उतरतो, आणि एकदां उतरला म्हणजे ‘असावा’ चा ‘आहे’ होण्यास एक पिढीही लागत नाहीं. म्हणून निष्कर्षांत सिद्ध काय, संभाव्य काय व अनिर्णीत काय, हीं तीन वेगळालीं लिहावींत, आणि प्रत्येकापुढें त्याचा हेतु दाखवावा. परामर्शांत प्रतिकूल मत आधीं व पूर्ण बळानें मांडावें. दुर्बळ केलेला पूर्वपक्ष खोडून मिळविलेला सिद्धान्त टिकत नाहीं.

संग्राहकांस एवढीच विनंती कीं, पोथी, सनद वा शिळा हातीं येतांच ती कोठें, कोणत्या दप्तरांत, कशाच्या शेजारीं मिळाली हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. वसई-विरार महानगरपालिका २००९ सालीं स्थापन झाली. या भागांत आतां गांवाला गांव लागून इमारती उभ्या आहेत, आणि पायासाठीं खणलेल्या मातीबरोबर स्थळाची साक्षही वाहून जाते. भुईगांवचें नांव त्या तुकड्याशीं राहिलें, म्हणूनच तो सोपाऱ्याच्या लेखाशीं जोडतां आला. स्थान हरवलेल्या वस्तूंत हेतु उरत नाहीं. आणि हेतूवांचून निगमन नाहीं.