रेकॉर्ड प्लेअरसाठी कार्ट्रिज आणि फोनो प्रीअँप कसा निवडायचा?

चिखलीत आमच्या घरी आजोबांच्या रेकॉर्ड्स आहेत: काही बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या, बाकी एलपी. दोन्हींना एकच सुई चालत नाही. त्यामुळे आधी तुमच्याकडच्या रेकॉर्ड्स बघा, मगच खरेदी करा.

कार्ट्रिज

सुईची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलते ती कार्ट्रिज. एलपीला साधारण १८ मायक्रॉन टोकाची सुई लागते, ७८ ला सुमारे ७५ मायक्रॉनची. बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाला घासते आणि खरखर वाढते. जाड सुई एलपीची खाच कायमची बिघडवते. मला ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका सोयीची वाटते, कारण कार्ट्रिज तीच ठेवून फक्त सुई बदलता येते. एलपीसाठी 'ई' सुई, दाब २ ग्रॅम. ७८ साठी 'एसपी', दाब ५ ग्रॅम. सुई बदलली की दाब पुन्हा सेट करायचा.

फोनो प्रीअँप

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा सिग्नल जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो. प्रीअँप तो साधारण १०० पट (४० डेसिबल) वाढवतो. शिवाय एलपी कापताना बेस कमी आणि ट्रेबल जास्त ठेवलेला असतो. प्रीअँप तो आरआयएए कर्व्हने पूर्ववत करतो. हा कर्व्ह १९५४ चा. जुन्या ७८ त्याआधीच्या, म्हणून त्यांचा टोन हाताने जुळवावा लागतो.

घेताना '४७ किलोओम, एमएम' एवढं तपासा. टर्नटेबलवर 'फोनो/लाइन' स्विच असेल तर प्रीअँप आतच आहे, वेगळा घेऊ नका. मोबाईलमध्ये रेकॉर्डिंग ठेवायचं असेल तर यूएसबीवाला प्रीअँप बघा.

बजेट कमी असेल तर आधी सुईवर खर्च करा. प्रीअँप नंतर बदलता येतो, झिजलेली रेकॉर्ड नाही.