वीजपुरवठ्याचा व्हॉल्व्ह कानापाशी

१९४० च्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने ६एएस७जी हा जाडजूड व्हॉल्व्ह आणला, तो संगीतासाठी नव्हेच. वीजपुरवठ्याचा दाब स्थिर राखणं हे त्याचं काम. वर्धन जेमतेम २ पट, हीटर मात्र अडीच अँपिअर खाणारा. पण अंतर्गत रोध अवघा २८० ओहम, आणि हाच गुण पुढे हेडफोन अँप्लिफायर बनवणाऱ्या हौशी मंडळींच्या पथ्यावर पडला. ३०० ओहमचा हेडफोन तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवाय चालवतो.

मग व्हॉल्व्हची अदलाबदल सुरू झाली. टंग-सोल कंपनीचा ५९९८ हा व्हॉल्व्ह त्याच सॉकेटात बसतो आणि साडेपाच पट वर्धन देतो. काच बदलली की आवाज बदलतो, असं शपथेवर सांगणारे भेटतात. त्यात कान किती आणि मोजलेले पैसे किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

फेरफारांचा हिशेब मात्र चोख आहे. आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर ३०० ओहमच्या हेडफोनवर खर्ज साधारण ५ हर्ट्झपर्यंत टिकतो; ३२ ओहमचा जोडला, की ५० हर्ट्झपाशीच गळू लागतो. म्हणून सोल्डरिंग आयर्न हाती घेणारे बहुधा आधी हा कपॅसिटर मोठा करतात. त्याही आधी प्लग काढून साठलेला विद्युतभार उतरवावा लागतो, कारण बंद यंत्रातही शंभरावर व्होल्ट शिल्लक असू शकतात.