लॅपटॉपचा पडदा बदलणे

लॅपटॉपचा पडदा बदलणे म्हणजे लॅपटॉप संगणकाचा फुटलेला वा निकामी झालेला दृश्यपटल काढून त्याजागी त्याच मापाचा व त्याच जोडणीचा दुसरा पटल बसविणे होय. या कामास व्यवहारात 'स्क्रीन दुरुस्ती' म्हटले जाते. परंतु तडा गेलेला पटल सांधता येत नाही, तो पूर्ण बदलावा लागतो. केवळ पडदा फुटला असल्यास मदरबोर्ड आणि साठवलेली माहिती सहसा सुरक्षित राहते. त्यामुळे हा एक भाग बदलून संपूर्ण यंत्र पुन्हा वापरात आणता येते.

रचना

बहुतेक लॅपटॉपमध्ये द्रवस्फटिक (एलसीडी) पटल असतो. त्यात काचेच्या दोन पातळ थरांमध्ये द्रवस्फटिक असून मागील बाजूस प्रकाशयोजना (बॅकलाइट) असते. जुन्या लॅपटॉपमध्ये प्रकाशासाठी पारायुक्त बारीक नळीचा दिवा व त्याला उच्च दाबाची वीज पुरविणारा इन्व्हर्टर असे. २०१० च्या सुमारास त्यांची जागा एलईडी दिव्यांनी घेतली. पटल बिजागरीजवळून जाणाऱ्या केबलने मदरबोर्डला जोडलेला असतो. ही जोडणी पूर्वी एलव्हीडीएस प्रकारची असे; नंतरच्या लॅपटॉपमध्ये ती ईडीपी प्रकारची असते.

निदान

पटल विकत घेण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे ठरविणे आवश्यक असते. लॅपटॉपला बाह्य मॉनिटर जोडल्यावर त्यावर चित्र स्वच्छ दिसल्यास दोष पटलात, केबलमध्ये किंवा त्यांच्या जोडणीत असण्याची शक्यता अधिक असते. बाह्य मॉनिटरवरही चित्र बिघडलेले दिसल्यास दोष मदरबोर्डवरील ग्राफिक्स भागात असू शकतो व पटल बदलून उपयोग होत नाही. काळ्या पडद्यावर विजेरीचा झोत टाकल्यास अंधुक चित्र दिसत असेल, तर प्रकाशयोजना बंद पडलेली असते. झाकण हलविताच चित्र येत-जात असल्यास केबल तपासावी लागते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा किंवा शाईसारखे डाग ही काच फुटल्याची लक्षणे होत.

पटलाची निवड

एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या उत्पादकांचे पटल बसविलेले आढळतात. म्हणून लॅपटॉपच्या नावावरून नव्हे, तर जुन्या पटलाच्या पाठीवरील चिठ्ठीवर छापलेल्या क्रमांकावरून नवा पटल निवडला जातो. पडद्याचे माप, बिंदुसंख्या (उदा. १९२० × १०८०), जोडणीच्या पिनांची संख्या (ईडीपीमध्ये सामान्यतः ३० किंवा ४०), जोडणीची जागा, स्पर्शसुविधा आणि बसविण्याच्या पट्ट्या या बाबी जुळाव्या लागतात.

पद्धत

प्रथम लॅपटॉप बंद करून चार्जर काढला जातो. बॅटरी आत बसविलेली असल्यास तळाचे झाकण उघडून तिची जोडणी सोडविली जाते. त्यानंतर पडद्याभोवतीची चौकट प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने सोडविली जाते. काही लॅपटॉपमध्ये तिच्या कोपऱ्यांत रबरी बटणांखाली स्क्रू असतात. पटल स्क्रूंनी किंवा ताणून काढायच्या चिकटपट्ट्यांनी बसविलेला असतो. तो सुटा झाल्यावर कळफलकावर मऊ कापड अंथरून पालथा ठेवतात व केबलवरील चिकटपट्टी आणि असल्यास खिटी काढून केबल अलगद सोडवितात. नवा पटल जोडल्यावर चौकट बसविण्यापूर्वी बॅटरी जोडून यंत्र चालू करून पाहिले जाते. चाचणीनंतर वीज पुन्हा तोडून उरलेली जुळणी पूर्ण केली जाते.

धोके व मर्यादा

वीजपुरवठा चालू असताना केबल काढल्यास किंवा ती तिरकी बसविल्यास मदरबोर्डवरील प्रकाशयोजनेचा फ्यूज उडू शकतो. मग नवा पटलही अंधाराच राहतो. फुटलेल्या काचेमुळे हातांना व डोळ्यांना इजा होऊ शकते. काही पातळ लॅपटॉपमध्ये पटल बाहेरील काचेला किंवा झाकणालाच चिकटविलेला असतो. अशा वेळी संपूर्ण झाकण बदलणे अधिक सोयीचे ठरते. आघाताने फुटलेला पडदा सामान्य हमीत सहसा समाविष्ट नसतो.

दुरुस्तीचा हक्क आणि ई-कचरा

सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ग्राहकांस मिळावी, या मागणीस 'दुरुस्तीचा हक्क' म्हणतात. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक दाखविणे बंधनकारक झाले. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली. काढलेला पटल हा ई-कचरा असून तो घरगुती कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडे देणे अपेक्षित असते. जुन्या नळीच्या पटलांतील पाऱ्यामुळे ही काळजी अधिक महत्त्वाची ठरते.